ओले की कोरडे? आधी पाणी वजा करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कुत्र्याला पाऊचमधले ओले अन्न द्यावे की पिशवीतले कोरडे दाणे, असे कुणी विचारले की बहुतेक वेळा ठरलेले उत्तर मिळते: ओले पौष्टिक, कोरडे स्वस्त. हे उत्तर अर्धवट आहे. त्यावर विसंबून कुणी कुत्र्याला लठ्ठ करतो, कुणी उपाशी ठेवतो, आणि पावसाळ्यात काही जण नकळत बुरशी लागलेले दाणे खाऊ घालतात. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

या दोन प्रकारांत मूळ फरक पाण्याचा आहे. कोरड्या दाण्यांत साधारण ८ ते १० टक्के पाणी असते, ओल्या अन्नात ७५ ते ८२ टक्के. त्यामुळे पाकिटामागचे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. समजा, कोरड्या अन्नावर प्रथिने २२ टक्के, स्निग्धांश १०, तंतू ४, पाणी १० असे छापले आहे. पाऊचवर प्रथिने ८, स्निग्धांश ३, तंतू १, पाणी ८२. पाहणाऱ्याला वाटते, कोरड्यात प्रथिने जवळजवळ तिप्पट. आता दोन्हींतून पाणी वजा करा. कोरड्यात ९० भाग उरतात, २२ भागिले ९० म्हणजे २४ टक्के प्रथिने. ओल्यात १८ भाग उरतात, ८ भागिले १८ म्हणजे ४४ टक्के. चित्र उलटे झाले. मात्र हाच हिशेब स्निग्धांशालाही लावायला हवा: कोरड्यात ११ टक्के, ओल्यात जवळजवळ १७. ज्या कुत्र्याला स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला आहे, त्याच्या मालकाने पाऊचवरचा ‘फक्त ३ टक्के’ हा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

प्रौढ कुत्र्यासाठी, पाणी वजा करून, किमान १८ टक्के प्रथिने आणि साडेपाच टक्के स्निग्धांश असावा, पिल्लासाठी साडेबावीस आणि साडेआठ, ही अमेरिकेतील आफ्को या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची मर्यादा आहे. वरची दोन्ही काल्पनिक पाकिटे प्रौढ कुत्र्यासाठी ती सहज ओलांडतात. म्हणजे प्रथिनांच्या कसोटीवर ओले आणि कोरडे दोन्ही चालते. त्यापेक्षा पाकिटावर ‘पूर्ण व संतुलित आहार’ लिहिले आहे की ‘पूरक आहार’, हे आधी वाचा. ग्रेव्हीचे काही पाऊच पूरक असतात. ते वरून घालायला ठीक, पण रोजचे संपूर्ण जेवण म्हणून दिले तर कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वे यांची तूट राहते, आणि ती काही महिन्यांनी त्वचेवर, केसांवर, हाडांवर दिसू लागते.

आता किती द्यायचे. कुत्र्याच्या वजनाचा (किलोमध्ये) घन करा, त्याचे वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराचे पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे होते. १० किलोच्या कुत्र्यासाठी १०००, मग ३१.६, मग ५.६२, आणि शेवटी ३९४ किलोकॅलरी येतात. ही केवळ पडून राहिलेल्या शरीराची गरज. नसबंदी झालेल्या, रोज नीट फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणतात, म्हणजे ६३०. फ्लॅटमध्ये दिवसभर झोपणाऱ्या, दोन वेळा खाली जाऊन येणाऱ्या कुत्र्याला १.२ ते १.४ पुरते. पाकिटावरचा तक्ता बहुधा सढळ हाताने लिहिलेला असतो, त्याला शेवटचा शब्द मानू नये. महिन्यातून एकदा बरगड्यांवरून बोटे फिरवा. हलक्या हाताने त्या मोजता यायला हव्यात, आणि वरून पाहिले तर कंबर दिसायला हवी. दिसत नसेल तर १० टक्के कमी करा.

पाकिटावर कॅलरी छापलेल्या नसतील तर त्याही काढता येतात. १०० मधून प्रथिने, स्निग्धांश, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे अन्नातली खनिजे) वजा केली की उरते ते पिष्ट. राख दिलेली नसेल तर कोरड्यासाठी ८, ओल्यासाठी २ धरा. मग प्रथिने आणि पिष्ट प्रत्येकी ३.५ ने, स्निग्धांश ८.५ ने गुणून बेरीज करा. वरच्या कोरड्या अन्नात १०० ग्रॅमला सुमारे ३२३ किलोकॅलरी येतात, ओल्यात ६७; म्हणजे ८० ग्रॅमच्या एका पाऊचमध्ये जेमतेम ५४. ६३० चा हिशेब पुरा करायला कोरडे १९५ ग्रॅम लागेल, किंवा जवळजवळ १२ पाऊच. दाण्यांचा भाव किलोला ३५० रुपये आणि पाऊच ४५ रुपयांना धरला, तर रोजचे ६८ रुपये की ५४०, असा हा सवाल आहे. मोठ्या कुत्र्याला दिवसाला ‘दोन पाऊच पुरेत’ असे कुणी सांगत असेल तर त्याने हा हिशेब केलेला नाही.

म्हणून बहुतेक घरांना परवडणारा आणि कुत्र्यालाही मानवणारा मार्ग मिश्र आहाराचा. त्यात नेहमीची चूक एकच होते: पाऊच वरून घातला जातो, दाणे मात्र तेवढेच राहतात. दोन पाऊच म्हणजे १०८ किलोकॅलरी, त्यासाठी ३३ ग्रॅम दाणे कमी करायला हवेत. १९५ ऐवजी १६२. हे वाटीने जमत नाही, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी आणि दाण्याचा आकार वेगळा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा वापरा. पोळी, बिस्किटे, चिकनचे तुकडे, सगळे मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या भागापलीकडे जाऊ नये. १० किलोच्या कुत्र्याला तो वाटा ६३ चा, म्हणजे फार तर अर्धी पोळी. चिकन सूप घालायचे तर बिनकांद्याचे, बिनलसणीचे, बिनमिठाचे. सूपच्या तयार वड्यांत कांद्याची पूड असू शकते आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, कच्चा असो वा शिजलेला.

अन्न बदलताना घाई करू नका. सात ते दहा दिवस घ्या. पहिले दोन-तीन दिवस नवे पाव हिस्सा, मग निम्मे, मग पाऊण. जुलाब झाले की दोष नव्या अन्नाला दिला जातो, खरे कारण बहुधा एका दिवसात केलेला बदल किंवा जास्त झालेले प्रमाण असते.

पाण्याकडे पुन्हा येतो. १० किलोच्या कुत्र्याला अन्नातले धरून दिवसाला सुमारे ५०० ते ६०० मिलिलिटर पाणी लागते. १९५ ग्रॅम कोरड्या अन्नातून त्याला मिळते जेमतेम २० मिलिलिटर, बाकीचे त्याने पिऊन भरून काढायचे. उलट बारा पाऊच खाणाऱ्या कुत्र्याला सगळे पाणी अन्नातूनच मिळते. तो भांड्याकडे फारसा फिरकला नाही तर घाबरण्याचे कारण नाही. मूत्राशयात खडे होण्याची प्रवृत्ती असलेल्या आणि मूत्रपिंडे कमकुवत झालेल्या कुत्र्यांना ओले अन्न खरोखर हिताचे असते, कारण लघवी पातळ राहते. अर्थात कोणते, हे पशुवैद्यकाने ठरवायचे. म्हाताऱ्या, वास कमी येणाऱ्या कुत्र्यालाही ओले आवडते. अंगाच्या उबेइतके, ३८ अंशांपर्यंत कोमट केले तर वास अधिक खुलतो.

पाऊच परवडत नसतील तर दाणे भिजवा. १०० ग्रॅम दाण्यांत १०० ते १२० मिलिलिटर कोमट पाणी घालून १५ ते २० मिनिटे ठेवले की ते मऊ होतात. पाऊचइतके पाणी पोटात जावे असे वाटत असेल तर ४०० मिलिलिटर घालावे लागते, तेव्हा ती पेजच होते. पुष्कळ कुत्री ती आवडीने पितात. दात पडलेल्या कुत्र्यांना आणि दूध सुटणाऱ्या पिल्लांना हेच द्यावे. मात्र रात्री भिजवून सकाळी कधीही देऊ नका. दाण्यांवरचे जिवाणू पाण्याअभावी निपचित असतात, पाणी मिळाले की वाढू लागतात. भिजवलेले किंवा पाऊचमधले उरलेले अन्न आपल्या उन्हाळ्यात तासाभरात उचलावे. उघडलेला पाऊच झाकून फ्रिजमध्ये दोन, फार तर तीन दिवस. फुगलेला पाऊच किंवा डबा न उघडता फेकावा.

कोरड्या अन्नाने दात साफ राहतात, हा समज मात्र सोडावा. साधा दाणा दाताच्या टोकाला लागताच फुटतो, हिरडीजवळच्या थरापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी मुद्दाम बनवलेले मोठ्या, चिवट दाण्यांचे अन्न वेगळे असते. रोज ब्रश करणे त्याहून चांगले, पण माणसांची टूथपेस्ट नको: फ्लोराइड कुत्र्यांना सोसत नाही, आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी घातलेले झायलिटॉल त्यांना विषारी आहे.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती साठवणीची. दाणा तयार झाल्यावर त्याला बाहेरून चरबीचा लेप देतात, वास आणि चव त्याचीच. हवा लागली की ती चरबी खवट होते, दमट हवेत दाणा पाणी ओढून घेतो, आणि मग बुरशी धरते. अनेकदा ती डोळ्यांना दिसतही नाही. मका आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर येणारी जी बुरशी दुभत्या जनावरांच्या मालकांना ठाऊक आहे, तीच इथेही अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते उन्हात वाळवून किंवा तव्यावर गरम करून जात नाही. कुत्र्याचे यकृत त्याला फार लवकर बळी पडते: आधी अन्नावरची वासना जाते, मग उलट्या, मरगळ, हिरड्या आणि डोळे पिवळे. अशी लक्षणे दिसली तर अन्न थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि सोबत अन्नाचे पाकीट न्यावे.

त्यामुळे कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर मोठे पोते घेऊ नका. महिन्याभरात संपेल एवढीच पिशवी घ्या. दाणे प्लास्टिकच्या डब्यात ओतू नका. मूळ पिशवीच तोंड दुमडून, क्लिप लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्याच्या भिंतीला चिकटलेली जुनी चरबी नव्या दाण्यांनाही खवट करते, शिवाय पिशवी फेकली की बॅच क्रमांक आणि तारीख गेली. फ्रिजमध्येही ठेवू नका. आत-बाहेर करताना दाण्यांवर दव धरते. हात आणि डाव कोरडा असावा.

पेट शॉपचालकांना एक आग्रहाची विनंती. मोठे पोते फोडून पारदर्शक पिशव्यांत किलो-किलोने सुटे दाणे विकण्याची पद्धत निदान पावसाळ्याचे चार महिने बंद ठेवावी. त्या पिशवीवर ना बॅच असते, ना तारीख, ना पोते कधी फोडले याची नोंद. छोट्या पिशवीचा भाव जास्त पडतो म्हणून गिऱ्हाईक सुटे मागते, हे खरे आहे. विकायचेच असेल तर मूळ पोत्यावरची माहिती आणि पोते फोडल्याची तारीख प्रत्येक पिशवीवर चिकटवावी. गिऱ्हाइकानेही मागावी, आणि मिळाली नाही तर ते दाणे घेऊ नयेत.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी