ओ-रिंग बसवा, पण कागदाची जाडी विसरू नका

मा. संपादक,

जुन्या डिझेल इंजिनाच्या ऑईल पंपातले कागदी गॅस्केट काढून ओ-रिंग, म्हणजे खाचेत बसणारे रबरी कडे, बसवून घेण्याकडे कल वाढला आहे. गळती थांबावी हा हेतू रास्तच. पण गिअर पंपातला हा कागद नुसता तेल अडवत नाही, गिअरचा प्ले, म्हणजे गिअर आणि कव्हर यांच्यातली फटही त्याच्याच जाडीवर ठरते. समजा, आवळल्यावर कागद ०.१० मिमी उरतो आणि गिअर बॉडीच्या तोंडापेक्षा ०.०४ मिमी वर आहेत. म्हणजे प्ले ०.०६. कागद काढून कव्हर थेट बॉडीवर आवळले की पंप जाम! इंजिन सुरू करताच पंपाच्या शाफ्टवरची चावी (की) नाहीतर ड्राइव्हचे दाते जातात आणि तेलाचे प्रेशर शून्यावर.

म्हणून ओ-रिंगसाठी खाच पाडण्याआधी स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) हातात घ्या. कागदाविना ०.०५ ते ०.०८ मिमी प्ले मिळायला हवा. कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. प्ले कमी असेल तर दोन्ही गिअर सरफेस ग्राइंडरवर एकाच बैठकीत घासावेत, जास्त असेल तर बॉडीचे तोंड घासून घ्यावे. कव्हरवर गिअरने पाडलेले चरेही आधी काढा. ते राहिले तर तेल आतल्या आतच सक्शनकडे (पंप तेल ओढतो त्या बाजूला) परतते आणि गरम इंजिनाचे प्रेशर पडते. त्यावर ओ-रिंगचा काडीचा उपयोग नाही.

२ मिमी जाडीच्या रिंगला खाच १.५ मिमी खोल आणि २.७ मिमी रुंद हवी. रबर दबते, पण त्याचे आकारमान घटत नाही. खोली १.२ ठेवली तर खाच जवळजवळ भरून जाते, तापून फुगायला जागा उरत नाही आणि रिंग कव्हरच उचलते. कव्हरला दाब आतून, म्हणून तिथे रिंग खाचेच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेली हवी. सक्शन पाइपच्या फ्लँजला (जोडाच्या चकतीला) आत ओढ असते, म्हणून उलट, आतल्या भिंतीला. हा फ्लँज हवा ओढू लागला की तेलाला फेस येतो. साधे नायट्राइल रबर १०० अंशांच्या आसपास कडक होऊ लागते, जास्त उष्णता सोसणारे व्हिटॉन रबर घ्या.

जोडताना गिअरमध्ये व्हॅसलीन भरा, म्हणजे पंप लगेच तेल उचलतो. ग्रीस मात्र नको, ते विरघळत नाही आणि फिल्टरमध्ये जाऊन बसते.

– एक टर्नर, उद्यमनगर, कोल्हापूर