साठा किती दिवसांचा, एवढेच विचारून भागणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी रेअर अर्थ (दुर्मीळ मृदा) गटातील सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या, विजेवरील गाड्यांच्या मोटरमध्ये लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि त्याच पावसाळ्यात बजाज ऑटोसारख्या मातब्बर कंपनीलाही विजेवरील दुचाकींचे उत्पादन कमी करावे लागले. त्या काळात उद्योजकांमध्ये एकच प्रश्न फिरत होता, तो म्हणजे कोणाकडे किती दिवसांचा साठा आहे. प्रश्न स्वाभाविक होता. मात्र महिनोन्‌महिने पुरवठा खंडित राहिला तर साखळी टिकेल की नाही, हे त्यातून कळत नाही. पिंपरी-चिंचवड परिसरात सुट्या भागांच्या खरेदीचे काम बरीच वर्षे केले असल्यामुळे या मोजमापाविषयी काही लिहावेसे वाटते.

साठ्याचे दिवस काढण्याची आपली प्रचलित रीत म्हणजे गोदामातील मालाच्या एकूण किमतीला रोजच्या खपाने भागणे. ही सरासरी फसवी असते. गाडीच्या हजार भागांपैकी नऊशे नव्व्याण्णव भाग दोन महिने पुरतील एवढे असले आणि उरलेला एक चारच दिवसांचा असला, तर पाचव्या दिवशी गाड्या जोडण्याची लाइन थांबते. अहवालात मात्र साठा दोन महिन्यांचाच दिसत राहतो. त्यातून, ज्या भागावाचून लाइन अडते तो अनेकदा स्वस्त असतो, त्यामुळे खरेदी विभागाच्या बैठकीत त्याचे नाव निघत नाही आणि त्याच्या व्हेंडरकडे कोणी वरिष्ठ फिरकत नाही.

याहून बरे मोजमाप उपलब्ध आहे. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड सिमची-लेव्ही यांनी मांडलेल्या आणि फोर्ड कंपनीत वापरल्या गेलेल्या पद्धतीत दोन आकडे येतात. एखाद्या पुरवठादाराचा कारखाना बंद पडला तर तो पूर्ववत व्हायला जितका वेळ लागेल तो सावरण्याचा काळ, आणि तो बंद असताना उरलेली साखळी मागणी भागवत जितके दिवस चालेल तो तग धरण्याचा काळ. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल, तर दोहोंतील फरक ही त्या साखळीची जोखीम. कारखाना पुराने बंद पडेल, आगीने की युद्धाने, याची भाकिते करत बसावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. फोर्डमध्ये असेही आढळले की पुरवठादाराला वर्षाकाठी किती पैसे दिले जातात आणि तो बंद पडल्यास किती नुकसान होते, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता.

तरीही खंड लांबला की हे दोन आकडेही अपुरे पडतात, आणि ते टोयोटाच्या अनुभवावरून चांगले समजते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या ऐसिन सेकी या जपानी कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली, तेव्हा ब्रेकमधील एका छोट्या व्हॉल्व्हचा टोयोटाचा जवळजवळ सगळा पुरवठा तेथूनच होत होता आणि हाताशी असलेला साठा फार तर दोन-तीन दिवसांचा होता. बहुतेक लाइन थांबल्या. पण ज्यांनी तो व्हॉल्व्ह पूर्वी कधी केला नव्हता अशा पुरवठादारांनी, अगदी शिवणयंत्रे बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेसुद्धा, तो आपापल्या यंत्रांवर करून दिला आणि आठवडाभरात उत्पादन पुष्कळसे रुळावर आले. जपानमधील ११ मार्च २०११ च्या भूकंपात रेनेसास कंपनीचा नाका येथील चिपचा कारखाना बंद पडला, तेव्हा मात्र असे कोणी मदतीला येऊ शकले नाही, कारण चिप काही कोणत्याही कारखान्यात होत नाही. तेथील उत्पादन अंशतः सुरू व्हायलाच जून उजाडला. त्यानंतर टोयोटाने पुरवठादारांना दोन ते सहा महिने पुरतील इतक्या चिप बाळगायला सांगितले, आणि नेमके किती महिने, हे ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतच्या काळावरून ठरवले. ‘जस्ट इन टाइम’ची, म्हणजे साठा न करता लागेल तेव्हाच माल आणण्याची, जगाला दीक्षा देणाऱ्या कंपनीने हे करावे, याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. २०२१ च्या पूर्वार्धात इतरांच्या लाइन चिपअभावी थांबत असताना टोयोटा चालत राहिली ती या साठ्यावर. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आग्नेय आशियातील कोविडची लाट आणि चिपची टंचाई यांमुळे, सप्टेंबरचे जागतिक उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करण्याची पाळी तिच्यावरही आली.

म्हणून तिसरा आकडा हवा, त्याला बदलाचा काळ म्हणू. मूळ ठिकाणाहून भाग पुन्हा मिळणारच नाही असे धरून, दुसरीकडे बनवलेला, दुसऱ्या पदार्थाचा किंवा दुसऱ्या रचनेचा भाग वापरून गाडी बाजारात आणायला किती वेळ लागेल? १९९७ मध्ये तो दिवसांत मोजता आला. चुंबकाच्या बाबतीत तो फार मोठा आहे. रेअर अर्थ न लागणारे, पण कमी ताकदीचे फेराइट चुंबक घ्यायचे ठरवले तर त्याच ताकदीसाठी मोटर मोठी होते, म्हणून तिची जागा, वजन, थंड ठेवण्याची व्यवस्था हे सगळे नव्याने आखावे लागते, आणि मग एआरएआयसारख्या वाहने तपासणाऱ्या संस्थेकडून चाचण्या व मान्यता घ्याव्या लागतात. देशातच चुंबक बनवायचे, तर केंद्रीय मंत्रिमंडळाने २६ नोव्हेंबर २०२५ रोजी मंजूर केलेल्या ७,२८० कोटी रुपयांच्या आणि वर्षाला ६,००० टन क्षमतेच्या योजनेतही कारखाने उभारायलाच दोन वर्षे धरलेली आहेत. दोन वर्षे पुरेल एवढा साठा कोणीही करणार नाही आणि करूही नये. दोन व्हेंडर नेमून सुटका होईल असे मानणाऱ्यांनी, ते दोघेही चुंबक एकाच देशातून आणतात का, हे आधी विचारावे.

आणखी एक गोष्ट कोणत्याच कोष्टकात नसते, ती म्हणजे लहान कारखानदाराच्या खिशाची. मोठ्या कंपनीची लाइन चुंबकावाचून थांबली की ज्याचा चुंबकाशी काही संबंध नाही अशा भोसरीतल्या ब्रॅकेटवाल्याचेही शेड्यूल रद्द होते. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे, पण मालच गेला नाही तर बिल कशाचे करणार? पगार आणि बँकेचे हप्ते चालूच राहतात. त्याची शिल्लक दोन महिन्यांची असेल आणि खंड पाच महिन्यांचा, तर त्याचे कारागीर पांगतात, यंत्रे विकली जातात, आणि चुंबक परत मिळू लागले तेव्हा ब्रॅकेटसाठी लाइन अडते. मला तर साखळीच्या तग धरण्याचा खरा आकडा बहुतेक ठिकाणी हाच वाटतो.

कंपन्यांच्या ताळेबंदासोबत साठा वर्षातून किती वेळा फिरला याचे गुणोत्तर आता द्यावे लागते आणि ते जितके वाढेल तितके कौतुक होते. तोच आकडा तग धरण्याचा काळ आटत चालल्याचेही सांगत असतो, हे कोणी वाचत नाही. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना बंधनकारक केलेल्या शाश्वतता अहवालात वरील तीन काळांचा रकाना घालता येईल. तोपर्यंत मराठा चेंबरसारख्या उद्योजकांच्या संस्थेने पुणे-चाकण पट्ट्यातील वाहन कंपन्यांना सोबत घेऊन हे आकडे गोळा करायला एकट्या चुंबकापासून सुरुवात करावी. व्यावसायिक गुपिताची हरकत निघेल, पण पुरवठादारांची नावे झाकून फक्त दिवसांचे आकडे दिले तरी या कामाला ते पुरेसे आहेत. आणि व्हेंडरला साठा वाढवायला सांगणाऱ्या कंपनीने त्या साठ्यावरील व्याज कोण भरणार आहे, हेही त्याच कागदावर लिहावे.

आपला,
एक वाचक, चिंचवड