मकोलाहून पत्र

अक्रा, घाना

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

फेरीवाल्यांची केस तू फी न घेता लढतोयस हे वाचलं आणि तुला इथलं घाना स्कूल ऑफ लॉ दाखवावंसं वाटलं. ते मकोला बाजाराला लागूनच आहे. फाटकाबाहेर कापडाचे तागे, सुकी मासळी, टोमॅटोचे ढीग, ट्रोट्रोवाल्यांची आपल्या वडापसारखी हाकाटी, आणि डोक्यावर भलंमोठं घमेलं घेऊन वाट काढणाऱ्या, उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या कायायेई पोरी.

1958 मध्ये, स्वातंत्र्याला जेमतेम वर्ष झालेलं असताना, पंतप्रधान एन्क्रुमांच्या सरकारनं हे विद्यालय काढलं. तोवर वकील व्हायचं तर लंडन गाठावं लागे. दार पुढेही अरुंदच राहिलं: 2019 च्या प्रवेश परीक्षेत 1,820 पैकी फक्त 128 जण पास झाले. मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले.

पण मला जास्त बोलायचंय ते बाजाराबद्दल. हा बाजार बायकांचा. टोमॅटोची एक राणी, कांद्याची दुसरी. भाव, उधारी, तंटे तिच्यापुढेच मिटतात. 1979 मध्ये रॉलिंग्जच्या लष्करी राजवटीनं टंचाईचं आणि महागाईचं खापर याच बायकांवर फोडलं. 18 ऑगस्टला सैनिकांनी मकोला नंबर एक, म्हणजे इथला मुख्य बाजार, जमीनदोस्त केला. ना कोर्ट, ना सुनावणी. तिथे पुढे गाड्यांचा तळ झाला, त्याला नाव रॉलिंग्ज पार्क. मला ते नाव ऐकवत नाही रे. आणि तीनच वर्षांनी, 30 जून 1982 च्या रात्री, हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांना घरांतून उचलून नेऊन ठार मारलं. त्यांत सेसिलिया कोरांटेंग-अडो ही एक बाई होती. आज सुप्रीम कोर्टासमोर तिघांचे पुतळे आहेत. बाजारवाल्यांना सुनावणी नाकारली गेली तेव्हाच ही वाट मोकळी झाली, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून कायदा शिकवायचा तर तो इथेच, या कलकलाटात शिकवावा. एखाद्या शांत टेकडीवर नको.

एक काम कर. आपल्या 2014 च्या पथविक्रेता कायद्याची इंग्रजी प्रत आणि तुझ्या केसमधले युक्तिवाद पाठव. सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, हे कलम इथल्या दोन विद्यार्थिनींना नीट वाचायचंय. त्यांतल्या एकीची आई मकोलात कापड विकते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश