वृद्धांना उकाडा जाणवत नाही, बाधतो मात्र

महोदय,

उष्माघात हा विदर्भाचा प्रश्न, आपल्याकडे फार तर घाम येतो, असा समज कोकणात रूढ आहे. हवामान विभाग मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंश सेल्सिअसची अट धरतो, किनाऱ्यावर मात्र तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढून ३७ अंशांवर गेले तरी लाट मानतो, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याखेरीज अंग निवत नाही. वयोमानानुसार घर्मग्रंथी मंदावतात, त्वचेकडचा रक्तप्रवाह पूर्वीसारखा वाढत नाही, तहानेची जाणीव बोथट होते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी आणखी घटते.

माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या मातोश्री ऐन वैशाखात, दुपारी कौले तापलेली असताना, अंगावर शाल घेऊन बसतात आणि पाणी पुढे केले की ‘तहान नाही’ म्हणतात. हा हट्ट नव्हे, हे समजायला मलाच उशीर लागला. याची दुसरी बाजू अशी की, वृद्धांचे नेहमीचे तापमानही बरेचदा थोडे कमी असते, त्यामुळे संसर्ग झाला तरी ताप दिसेलच असे नाही. अचानक आलेला गोंधळ किंवा गळाठा हेच लक्षण असू शकते.

आशा सेविकांनी चैत्र-वैशाखात एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे दुपारी फेरी मारावी, अशी व्यवस्था ग्रामपंचायतींनी करावी. चाकरमानी मुलांनीही फोनवर ‘जेवलात का’ याबरोबर ‘पाणी किती प्यायलात’ हे विचारावे.

— एक वाचक, रत्नागिरी