चटकन काय उघडतं आणि रेंगाळतं काय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारं डिस्कचं नाव तुम्ही पाठवलंत, त्यावरून खात्री झाली. तुमच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली नुसत्या चिपची डिस्क, नाही, हायब्रिड हार्ड डिस्क आहे. तिला एसएसएचडी म्हणतात. आईने काढलेले सगळे फोटो आणि आजोबांची स्कॅन केलेली पत्रं या एकाच डिस्कवर आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. फोनवर हे धड सांगून होत नाही.

या डिस्कमध्ये दोन गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात. एक म्हणजे साध्या हार्ड डिस्कमधली फिरणारी चकचकीत तबकडी. तिच्यावरच्या चुंबकीय थरात माहिती लिहिली जाते. तुम्हाला दिसते ती १ टीबी जागा सगळी तबकडीवरची. दुसरी गोष्ट म्हणजे सर्किट बोर्डवरची फ्लॅश मेमरीची चिप, पेनड्राइव्हमध्ये असते त्याच जातीची. बहुतेक हायब्रिड डिस्कमध्ये ती जेमतेम ८ जीबीची असते. १,००० जीबीपुढे ८ जीबी म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. तरी तिच्यामुळे फरक पडतो, आणि तो चांगला जाणवण्याइतका पडतो.

बाबा, तुम्हाला हिशेब आवडतो, म्हणून आकडेच मांडते. लॅपटॉपमधली अशी तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग हेडखाली, म्हणजे माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेडचा दांडा नेमक्या पट्ट्यावर न्यायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. एकूण एक बारीकसा तुकडा वाचायला सोळा-सतरा मिलिसेकंद. हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात आणि ते तबकडीवर जागोजागी विखुरलेले असतात. त्यातले हजारच धरले, तरी सोळा-सतरा सेकंद नुसते शोधाशोधीत जातात. चिपमध्ये हलणारं काही नसतं. तिथून एक तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात मिळतो, म्हणजे हजार तुकडे सेकंदाच्या दहाव्या हिश्शात हातात येतात. साधी हार्ड डिस्क कासावीस होते ती या बारीक बारीक तुकड्यांपायी, आणि हायब्रिड डिस्क नेमकी तिथेच मदतीला येते.

चिपमध्ये काय ठेवायचं, हे डिस्क स्वतःच ठरवते. कोणता भाग पुन्हा पुन्हा वाचला जातोय यावर तिच्यातला छोटा प्रोसेसर नजर ठेवतो आणि त्या भागाची प्रत चिपमध्ये करतो. बाबा, तुमच्या सगळ्या जुन्या फायली माळ्यावरच्या ट्रंकेत आणि रोज लागणाऱ्या कागदांच्या झेरॉक्स टेबलाच्या खणात, तशी ही व्यवस्था आहे. अस्सल कागद ट्रंकेतच राहतो, खणात फक्त झेरॉक्स. खण भरला की बरेच दिवस न लागलेली झेरॉक्स काढून टाकायची आणि तिथे नवी ठेवायची. वीज गेली तरी चिपमधलं पुसलं जात नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लॅपटॉप लावलात की तिथूनच भराभर वाचलं जातं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. डिस्कला फोटो, पत्र, ब्राउझर असलं काही कळत नाही. तिला कळतात ते फक्त जागांचे क्रमांक: अमुक क्रमांकाची जागा आज पुन्हा मागितली, तमुक क्रमांकाची महिनाभर कुणी मागितली नाही. त्यामुळे रोजचा ब्राउझर चटकन उघडतो. आई, तू चार-सहा महिन्यांनी एखादा जुना फोल्डर उघडतेस, तेव्हा त्यातला एकही फोटो चिपमध्ये नसतो. सगळे तबकडीवरून एकेक करून यावे लागतात आणि छोटी चित्रं रेंगाळत उमटतात. तू काही चुकीचं दाबत नाहीस. विंडोजचं मोठं अपडेट झाल्यावर लॅपटॉप काही दिवस जड वाटतो, त्याचंही एक कारण हेच. अपडेटमध्ये फायली नव्याने लिहिल्या जातात, त्यांचे क्रमांक बदलतात आणि चिपमधली जुनी प्रत निरुपयोगी ठरते. चार-पाचदा लॅपटॉप सुरू-बंद झाला की डिस्क नव्या जागा ओळखते आणि गाडी रुळावर येते. तेवढ्यासाठी कुणाला दुरुस्तीला बोलावू नका.

मोठे व्हिडिओ कॉपी करताना चिपचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. सलग मोठी फाइल तबकडीवरूनच वाचली जाते आणि नवं लिहिणंही बहुतेक थेट तबकडीवरच होतं. सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळाला तर उत्तम समजायचं. म्हणजे १०० जीबीला सतरा-अठरा मिनिटं, आणि छोट्या छोट्या फायली असतील तर त्याहून बराच जास्त वेळ.

हे सगळं वाचून ही डिस्क घेण्यात आपण फसलो असं मुळीच समजू नका. त्या काळात ती शहाणपणाची निवड होती. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या वेळी अशा डिस्क लॅपटॉपमध्ये आल्या, तेव्हा चिप २५६ एमबीची होती आणि सगळं काम विंडोजच्या मदतीवर अवलंबून होतं. ते काही फारसं चाललं नाही. २०१० मध्ये सीगेट कंपनीने मोमेंटस एक्सटी नावाची हायब्रिड डिस्क आणली. तिच्यात ४ जीबीची चिप होती आणि निर्णय डिस्क स्वतःच घ्यायची, त्यामुळे कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम चालायची आणि वापरणाऱ्याला काहीही जुळवावं लागायचं नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्कला एकच जागा असते आणि मोठी एसएसडी तेव्हा फार महाग होती. भरपूर जागा आणि बऱ्यापैकी वेग एकाच डिस्कमध्ये, साध्या हार्ड डिस्कपेक्षा थोडे जास्त पैसे देऊन मिळत होता. मला तर ही कल्पना आजही सुंदर वाटते. पुढे एसएसडी स्वस्त होत गेल्या आणि हायब्रिडची गरजच उरली नाही.

२०१२ मध्ये ॲपलने फ्यूजन ड्राइव्ह आणली, तिच्याशी मात्र या डिस्कची गल्लत करू नका. तिच्यात १२८ जीबीची एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क अशा दोन वेगळ्या डिस्क जोडून एकच डिस्क असल्याचं दाखवलं जायचं. तिथे प्रत होत नाही, माहितीच इकडून तिकडे हलवली जाते. त्यामुळे दोन्हींपैकी एक बिघडली तरी सगळ्यावर पाणी पडू शकतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. फ्लॅश चिप आहे म्हणून फोटो सुरक्षित आहेत, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. चिपमध्ये आहे ती रोज लागणाऱ्या गोष्टींची प्रत. आजोबांच्या पत्रांची तिथे प्रत असण्याचं काही कारणच नाही. ती पत्रं आहेत ती फक्त तबकडीवर, आणि ही तबकडी कुठल्याही हार्ड डिस्कच्या तबकडीइतकीच नाजूक आहे. हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. लॅपटॉप चालू असताना तो उचलून दुसऱ्या खोलीत नेणं, पलंगावर आपटणं, मांडीवर घेऊन उठणं, हे सगळं टाळा. डिस्कमधून टकटक असा ठरावीक आवाज येऊ लागला किंवा एखादी फाइल वाचता येत नाही असं वारंवार दिसू लागलं, तर लॅपटॉप ताबडतोब बंद करा आणि मला फोन करा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिलंत तर उरलेलंही जाऊ शकतं.

माझं मत विचाराल तर आता इथे एसएसडी बसवावी. २.५ इंची साटा (तुमच्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी नेमकी त्याच जागेत बसते. रोजच्या कामातला फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल, आवाजही राहणार नाही. पुढच्या वेळी घरी आले की मी ते करीन. विंडोज आणि फायली जशाच्या तशा नव्या डिस्कवर उतरवता येतात. ही जुनी डिस्क धडधाकट निघाली तर तिला यूएसबीची केस लावून फोटोंची दुसरी प्रत तिच्यावर ठेवू. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणाऱ्या फोटोंसाठी मी नुसत्या एसएसडीवर भरवसा ठेवणार नाही, कारण बराच काळ वीज न मिळाल्यास फ्लॅशमधली माहिती हळूहळू क्षीण होऊ शकते. तबकडीला ती अडचण नाही.

मी येईपर्यंत एकच काम करा. बाबा, तुमच्याकडची एक्स्टर्नल डिस्क लावा आणि आईचा फोटोंचा फोल्डर आणि पत्रांचा फोल्डर तिच्यावर कॉपी करा. कॉपी, कट नाही. चार्जर लावलेला असू द्या आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करून ठेवा. वेळ लागेल, मधेच बंद करू नका. झालं की दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या पाहा. आई, तू त्यातले पाच-सहा फोटो आणि एखादं पत्र एक्स्टर्नल डिस्कवरून उघडून बघ, नीट दिसतात ना ते. दोन्हीकडचे आकडे मला कळवा. ते जुळल्याशिवाय मी त्या लॅपटॉपचा स्क्रू काढणार नाही.

तुमची
लेक