थर्मोस्टॅट काढून फेकायला सांगणाऱ्या सल्ल्याबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला मालवाहू व्हॅनच्या निगेवरचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा एवढ्यासाठी की, पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसेना. हवा तपासा, ऑइल बदला, ब्रेक बघा, इथवर ठीक. पण पाचव्या मुद्द्यात लेखकमहाशय बिनदिक्कत सांगतात की, गाडी सारखी गरम होत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाकावा, मुंबईत थंडी नसल्याने त्याची गरजच नाही. आपल्या पाककृतीत मिठाचा चमचा चुकला तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र येतं. इथे तर लोकांच्या इंजिनाचा प्रश्न आहे!

थर्मोस्टॅटचा मुंबईच्या हवेशी काडीचा संबंध नाही. बाहेर ३४ अंश असो की १८, इंजिनातलं पाणी ९० अंशांच्या आसपास राहावं लागतं. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप, मिस्त्रींच्या भाषेत वॉल. हा वॉल साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो आणि तोवर पाणी इंजिनातच फिरवतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जातं, इंजिन तापायला उशीर लागतो. गार इंजिनाला कंट्रोल युनिट जास्त इंधन देत राहतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. वर काही इंजिनांत हा वॉल उघडताना बायपासची वाट बंद करत असतो. अशा इंजिनातून तो काढला, तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच येतो आणि भरलेली गाडी पूल चढताना आधीपेक्षा जास्त गरम होते. म्हणजे औषधानेच ताप.

आणखी एक गंमत बघा. गार चालणाऱ्या इंजिनातली वाफ ऑइलच्या झाकणाखाली पिवळट सायीसारखी जमते. थर्मोस्टॅट काढणारा मिस्त्रीच महिन्याभराने ती साय दाखवतो आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालची सीलबंद पट्टी) उडालं म्हणून हेड उतरवतो. अशा वेळी मालकाने डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघावी. साय फक्त झाकणाला असेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर ती बहुधा नुसती वाफ. डिपस्टिकवरच दुधाळ चहासारखं ऑइल, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर मात्र गॅस्केट.

सगळ्यात मोठा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा. मुंबईतल्या किती व्हॅन सीएनजीवर धावतात हे पंपावरची रांग पाहिली की कळतं, आणि अख्ख्या लेखात गॅसवर एक ओळ नाही! टाकीत गॅस २०० बार दाबाने भरतात. रिड्यूसर तो दोन-अडीच बारवर आणतो. इतका दाब एकदम उतरला की गॅस बर्फासारखा थंड होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. आता कूलंट (इंजिन गार ठेवणारं तेच पाणी) कमी झालं किंवा पाइपात हवा अडकली, तर सर्वात आधी पाणी तुटतं ते बहुतेक याच लहान पाइपांतलं. रिड्यूसरवर पांढरं दव धरतं, आतला रबरी पडदा ताठरतो, गाडी झटके खाते, आपोआप पेट्रोलवर जाते. अशी एक भाजीची व्हॅन गेल्या मे महिन्यात तीन गॅरेजं फिरली. प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजेक्टर साफ केले. शेवटी कमतरता निघाली दीड लिटर कूलंटची. गॅसवर झटके बसले की प्लगच्या आधी रिड्यूसरला हात लावून बघा, चालू गाडीत तो गरम लागला पाहिजे. थर्मोस्टॅट काढलेल्या गाडीत पाणी वेळेत तापत नाही, त्यामुळे गॅसचं किट उशिरा गॅसवर जातं आणि तोवर पेट्रोल जळतं.

गाडी गरम होते ती थर्मोस्टॅट असल्यामुळे नव्हे. नळाचं, त्याहून वाईट म्हणजे टँकरचं खारं पाणी रेडिएटरमध्ये ओतल्यामुळे. त्यातले क्षार वॉलवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, वॉल बंद अवस्थेत अडकतो. शंका असेल तर वॉल काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, आणि पाणी तापवावं. उकळी फुटण्याआधी उघडला आणि गार झाल्यावर मिटला तर ठीक, नाहीतर नवा घ्यावा. नवा बसवताना त्याची बारीक हवेची पिन वरच्या बाजूला यावी. कूलंट तयार मिळणारं असेल तर त्यात पाणी घालू नये. घट्ट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मं, डिस्टिल्ड वॉटर घालावं. भरताना गाडी गार हवी, झाकण उघडं, इंजिन चालू. पाइप हाताने दाबत हवा काढायची आणि पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत पातळी भरत राहायची. इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे, मधले पाइप लांब, म्हणून या गाड्यांत हवा अडकतेच.

पंखाच फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज देणारा स्विच). दोन वायरींनी मोटर थेट बॅटरीला जोडून बघावी. फिरली तर दोष रिले, सेन्सर किंवा वायरिंगमध्ये. पावसाळ्यात रेडिएटरला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवीही बघावी. हसू नका, ती निघते.

त्याच पाचव्या मुद्द्यात पुढे तापमानाचा काटा चढताच पाणी ओतायला सांगितलं आहे. कृपा करून असं कोणी करू नये. झाकणाने साधारण ०.९ बार दाब धरलेला असतो, त्यामुळे आतलं नुसतं पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की ते सगळं एकदम उकळून हातातोंडावर येतं. आणि तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी पडलं की हेड वाकू शकतं, मग ते घासून सपाट करण्याचा, म्हणजे फेसिंगचा, खर्च. गाडी बाजूला घ्या, वाफ दिसत असेल तर इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा, मगच जाड फडक्याने झाकण हळूहळू फिरवा.

जाता जाता, लेखासोबतचा फोटो बॉनेट उघडलेल्या मोटारीचा होता. छोटा हत्ती असो की ईको, इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलल्याशिवाय दिसत नाही. छायाचित्र विभागाला एकदा सीट उचलून दाखवावी. आणि ऑइल दर १०,००० किलोमीटरला बदलायचा तो तक्ता! ताशी ११ किलोमीटरने रांगणाऱ्या गाडीचं इंजिन तेवढ्या अंतरात ९०० तास चाललेलं असतं, पन्नासने धावणारीचं २००. शहरातल्या गाडीला किलोमीटर नव्हे, तास मोजावे लागतात. अर्थात तो तक्ता पिवळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत छापल्यामुळे फारशा वाचकांना वाचता आला नसेल, तेवढंच नुकसान टळलं. माझ्या मागच्या पत्रातले आकडे आपण जागेअभावी गाळले होते. यातले गाळू नयेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भांडुप (पश्चिम)