रॉटरडॅमहून परतलेली चिऊ आणि एक राहिलेले उत्तर

नागपूर,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

राखीपौर्णिमेच्या आठवड्यात तुझे पत्र आले आणि परवा त्रिपुरी पौर्णिमाही होऊन गेली. इतके दिवस उत्तर पाठवले नाही, याबद्दल कामाची सबब सांगण्याचा माझा विचार नाही. संत्र्याच्या अंबिया बहाराची धामधूम आहे हे खरे, पण धामधुमीतही रोज रात्री मी जमाखर्चाची वही लिहितोच. तुझा प्रश्न साधा होता. लेकीला, चिऊला, सहा महिने परदेशात इंटर्नशिपला पाठवून तुम्हाला नेमके काय मिळाले, आणि आमच्या चिरंजिवांना तशीच संधी आली आहे, तर एवढा खर्च करावा की नाही? त्याच दिवशी ‘पाठव’ एवढा एक शब्द मी कळवू शकलो असतो. परंतु तो शब्द लिहिला की त्यामागचे कारणही लिहावे लागले असते, आणि ते लिहिताना १९९७ सालच्या त्या संध्याकाळपाशी यावे लागले असते, जिच्याविषयी आपण दोघे सत्तावीस वर्षांत एकदाही बोललो नाही.

घरचे सर्व ठीक. माझी साखर औषधांनी ताब्यात आहे, तुझ्या वहिनीचा गुडघा थंडी पडल्यापासून पुन्हा दुखू लागला आहे, आणि आई अजूनही ‘बंडू दिवाळीला आला नाही’ असे दर दिवाळीला म्हणते.

आधी पैशाचे सांगतो, कारण तू ते विचारायला संकोचला असशील. नेदरलँड्समध्ये इंटर्नशिपचे मानधन द्यायलाच हवे असा कायदा नाही. चिऊला महिन्याला ५०० युरो मिळत आणि खोलीचे भाडेच ६५० होते. त्यावर खाणे, विमा, विमानाचे तिकीट आणि व्हिसाचा खर्च धरून आमच्या खिशातून साधारण सहा लाख रुपये गेले. हे पैसे मी धामणगावच्या रस्त्यावरचा तो जमिनीचा तुकडा विकून उभे केले, हे तुला इतरांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे. त्या तुकड्याच्या कुंपणाला आपण दोघांनीच खांब रोवले होते.

आता तिने तिथे काय केले ते सांगतो. रॉटरडॅम हे युरोपातले सर्वांत मोठे बंदर आहे आणि १९६२ पासून २००४ पर्यंत ते जगातलेही सर्वांत मोठे होते. त्याच्या दक्षिणेला लागून असलेले बारेंद्रेख्त हे गाव फळे आणि भाजीपाला आयात करणाऱ्यांचे आहे. तिथल्या एका मध्यम आकाराच्या आयातदाराकडे ती फेब्रुवारीत रुजू झाली, आणि योगायोग असा की तो तुमच्या नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम होता. पहिले सहा आठवडे तिला गुणवत्ता तपासणीच्या थंड खोलीत ठेवले. कंटेनर उघडला की आतल्या तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र काढायचे, पॅलेटच्या मधल्या थरातली पेटी निवडायची, मण्यांचा व्यास मोजायचा, रसातली साखर तपासायची, देठाच्या रंगाचे फोटो काढायचे आणि दुपारच्या आत अहवाल लिहायचा. त्या अहवालावर पैसे ठरत. ‘माल बरा आहे’ असे तिने पहिल्या दिवशी लिहिले, तेव्हा तिच्या वरच्या बाईंनी कागद परत दिला आणि बरा म्हणजे किती, ते आकड्यात लिहायला सांगितले.

यंदा तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जात होती, हे तू माझ्यापेक्षा अधिक जाणतोस. त्यामुळे प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. तुमच्या पॅकहाऊसमध्ये, द्राक्षे निवडून पेट्यांत भरतात तिथे, ती चिंता कशी वाटली असेल याची मला कल्पना आहे. चिऊने मात्र तीच चिंता दुसऱ्या टोकाला उभे राहून पाहिली. एकाच जहाजातून, सारखेच दिवस समुद्रावर काढून आलेल्या दोन पॅकहाऊसच्या द्राक्षांपैकी एकाचे देठ हिरवे होते आणि दुसऱ्याचे तपकिरी पडले होते. फरक कशाने पडला, हे शोधण्याचे काम तिने मागून घेतले. काढणीनंतर माल किती तासांत थंड केला, याची नोंद एकाने पाठवली होती आणि दुसऱ्याने नोंदच ठेवली नव्हती. तिने केलेला तक्ता तिकडून भारतातल्या माल पाठवणाऱ्यांना गेला. एकवीस वर्षांच्या मुलीचा तक्ता एवढ्या व्यवहारात वापरला जातो, हे ऐकून मला रात्रभर झोप आली नाही, आणि ती आनंदाची जाग होती.

कॉलेजात जे शिकवतात ते वाया जाते असे मी म्हणणार नाही. पण एक उदाहरण सांगतो. निर्यातीच्या सौद्यातली सीआयएफ ही अट म्हणजे माल पोहोचेपर्यंत सर्व जबाबदारी विकणाऱ्याची, असे चिऊ परीक्षेत लिहून आली होती आणि मीही आयुष्यभर तसेच समजत होतो. प्रत्यक्षात सीआयएफमध्ये विकणारा मालाचे भाडे आणि विमा पोचायच्या बंदरापर्यंत भरतो, मात्र माल खराब होण्याची जोखीम तो निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला त्याच क्षणी घेणाऱ्यावर जाते. एफओबीमध्ये, म्हणजे जहाजाचे भाडे घेणारा भरतो त्या अटीतही, जोखीम तिथेच बदलते. हे वाक्य पुस्तकात आहेच. परंतु उशिरा आलेल्या कंटेनरवरून दोन पक्ष फोनवर बोलत असताना, आणि त्यातला एक पक्ष आपल्याच मुलुखातला असताना, ते वाक्य तिला समजले. शिवाय माल कमिशनवर विक्रीला पाठवला असेल तर विकला जाईपर्यंतचे नुकसान पाठवणाऱ्याच्याच पदरी पडते, आणि आपले कितीतरी लोक नेमक्या याच पद्धतीने माल पाठवतात, हेही तिने तिथेच पाहिले. चिरंजिवांना हे येत असेल तर उत्तमच. येत नसेल तर सहा लाखांपैकी एक लाख मी या एका समजुतीचे धरतो.

दुसरा लाख मी आणखी एका गोष्टीचे धरतो. आपल्याकडे वरिष्ठाने काम सांगितले की ‘हो, होईल’ म्हणायची सवय आहे. चिऊनेही एका मंगळवारी तसेच म्हटले आणि शुक्रवारी काम अपुरे ठेवून उभी राहिली. बाई रागावल्या नाहीत. येत नसणे ही चूक नाही, पण मंगळवारी सांगता आले असते ते शुक्रवारी सांगितले ही चूक आहे, एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतर ती मला फोनवरसुद्धा ‘बाबा, हे मला जमणार नाही, दुसऱ्या कोणाला सांगा’ असे सरळ सांगू लागली. सुरुवातीला मला ते उद्धटपणाचे वाटले आणि मी तसे बोललोही. ते शब्द मी परत घेतले आहेत.

सोसावेही लागले, ते लपवत नाही. मार्चपर्यंत ती दर रविवारी रडायची. साडेचार तासांचा फरक असल्याने ती कामावरून सुटायची तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ-दहा झालेले असायचे. दुपारी सगळे पाव आणि चीज खातात आणि तेही पंधरा मिनिटांत. तर्रीशिवाय पोह्यांना पोहे न मानणारा तुझ्यासारखा माणूस तिथे दोन दिवस टिकला नसता, असे ती हसून सांगते. (नाशिकची मिसळ आमच्या तर्री पोह्यांपेक्षा सरस, हे तुझे म्हणणे मला आजही मान्य नाही.)

आता ज्यासाठी पत्र लांबले ते लिहितो.

ऑगस्टमध्ये ती परत आली. ऑक्टोबरच्या शेवटी कळमन्याच्या बाजारात आपल्या गाळ्यात संत्र्यांचा माल भरला जात होता आणि दिल्लीच्या गाडीत चढवायच्या पेट्या एका बाजूला लागल्या होत्या. चिऊ आली, तिने एक पेटी उचलली, तख्तावर तणस पसरले आणि पेटी उलटी करून रिकामी केली. मग पिशवीतून फळ मोजायची कडी काढून तिने तीन ढीग केले. तोंडावरच्या थरातली फळे ७० मिलिमीटरची होती, मधली साठीच्या आतबाहेर आणि तळाची ५२ ची. ती मला काहीच बोलली नाही. तिने वहीत तीन आकडे लिहिले, फळे जशी होती तशीच परत भरली, आणि ‘बाबा, तिकडे पेटी तळातून उघडतात’ एवढेच म्हणाली.

बंडू, हमाल तेच होते, फक्त म्हातारे झालेले. ९७ साली जुन्या गाळ्यात तू याच हमालांसमोर आणि काटोलच्या दोन बागायतदारांसमोर अशीच पेटी उलटी केली होतीस. मी त्याला माझा अपमान म्हटले, तुला भागीदारीतून काढले, आणि सर्वांना सांगितले की बंडूला द्राक्षांच्या धंद्याचा मोह पडला. तू कोणालाही खरे कारण सांगितले नाहीस. चिऊलाही ते ठाऊक नाही. म्हणूनच त्या दिवशी तिने पेटी उलटी केली तेव्हा गाळ्यात उभे राहणे मला कठीण झाले, आणि ते कोणाला सांगावे तर तुझ्याशिवाय दुसरे कोणी नाही.

मी तिला तुझे नाव घेऊन सगळे सांगावे की नाही, हे मला ठरवता येत नाही. सांगितले तर तिच्या मनातला बाप लहान होईल, ही भीती आहे. न सांगितले तर तिने जे परदेशात जाऊन शिकले ते आपल्याच गाळ्यात तिच्या जन्माआधी एकाने बोलून दाखवले होते, हे तिच्यापासून लपवल्यासारखे होईल. तुझी वहिनी सांगा म्हणते. आई म्हणते, आधी बंडूला विचार.

धंद्याचे सांगायचे तर तिच्या आग्रहाने दोनशे पेट्या एकाच आकाराच्या भरून, बाहेर मिलिमीटर लिहून पाठवल्या. विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली तेव्हा भाव इतरांइतकाच होता, म्हणजे निवडीची मजुरी आणि बाजूला काढलेला बारीक माल अंगावर पडला. तीन पट्ट्यांशिवाय काही ठरवायचे नाही असे तिने मला बजावले आहे. आपले संत्रे युरोपात जाईल अशी भाबडी समजूत तिची नाही; ढिली साल लांबचा प्रवास सोसत नाही आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला बी नसलेले फळ लागते, हे ती कुठलाही आडपडदा न ठेवता सांगते. बांगलादेशने शुल्क वाढवत नेल्यापासून तो रस्ताही अरुंद झाला आहे. तेव्हा राहिला तो देशातला बाजार, आणि तिथे नुसत्या नावावर भाव मिळवायचा तर पेटीत फसवणूक चालणार नाही, असे तिचे गणित आहे. मला ते गणित बरोबर वाटते. ते जमेल का, हे मला कळत नाही.

तर चिरंजिवांना पाठव. मात्र करार पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नकोस. कॉलेज, कंपनी आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सह्या असलेल्या करारात काम कोणते, तास किती, देखरेख कोणाची आणि त्याचे गुण इथल्या अभ्यासक्रमात धरणार की नाही, हे लिहिलेले असावे. चिऊच्या वेळी एका मध्यस्थाने पर्यटक व्हिसावर पाठवतो म्हणून सव्वा लाख मागितले होते. त्या व्हिसावर इंटर्नशिप करता येत नाही. चार महिन्यांपेक्षा जास्त राहायचे असल्याने तिथल्या नगरपालिकेत नोंद करावी लागेल, त्यासाठी जन्मदाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे तो परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, आत्ताच करून घे. आमचे त्यात पाच आठवडे गेले. कंपनी मोठी की लहान हे पाहू नकोस, पहिल्या महिन्यात मुलाच्या हाती प्रत्यक्ष माल किंवा खराखुरा हिशेब पडणार आहे का, ते विचार. मोठ्या नावाच्या कचेरीत सहा महिने नुसते तक्ते सजवत बसलेला एक मुलगा चिऊला तिथेच भेटला होता.

२०१० साली क्लोरमेक्वाट या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा तुझ्यावर काय गुदरले असेल याची मी साधी चौकशीही केली नव्हती, हेही आज आठवते. वहिनींचे डोळ्यांचे ऑपरेशन चांगले झाले ना? नव्या घराची वास्तुशांत झाल्याचे कळले, अभिनंदन. द्राक्षबागांची छाटणीनंतरची कामे सुरू झाली असतील, तेव्हा सवडीने लिही. पण चिऊला सांगावे की नाही, एवढ्याचे उत्तर लवकर दे.

बाहेर प्रचाराच्या गाड्यांचे भोंगे चालू आहेत, म्हणून अक्षर बिघडले आहे. आईचे आशीर्वाद.

तुझा,
नाना

ता. क. नाशिकच्या ट्रॅव्हल्सने उद्या संध्याकाळी एक पेटी पाठवत आहे. मी स्वतः भरली आहे. तळातून उघडावीस.